क्रून आणि लितास : दोन बाल्टिक चलनांमधील विनिमय दराचा इतिहास (१९२८–२०१०)

प्रास्ताविक

दोन देशांच्या चलनांमधील विनिमय दर हा त्या दोन अर्थव्यवस्थांच्या परस्पर सामर्थ्याचा निदर्शक मानला जातो. एखाद्या चलनाचा भाव वधारला की त्या देशाची निर्यात वाढली असावी, उत्पादकता सुधारली असावी किंवा तेथील शासनाची पत उंचावली असावी, असे अनुमान सहज काढले जाते. अमेरिकी डॉलर, जर्मन मार्क किंवा जपानी येन यांसारख्या मोठ्या चलनांबाबत हे अनुमान काही अंशी ग्राह्य ठरते. लहान राष्ट्रांच्या चलनांबाबत मात्र ते अनेकदा दिशाभूल करणारे असते. एस्टोनियाचा क्रून आणि लिथुआनियाचा लितास या दोन चलनांमधील विनिमय दराचा इतिहास या दृष्टीने विशेष उद्बोधक आहे.

दिनांक ४ जानेवारी १९९९ रोजी १०० लितासचे मूल्य सुमारे ३३२ क्रून होते. दिनांक २६ ऑक्टोबर २००० रोजी तेच मूल्य सुमारे ४७४ क्रून झाले. म्हणजे अवघ्या बावीस महिन्यांत लितास हा क्रूनच्या तुलनेत सुमारे ४३ टक्क्यांनी वधारला. केवळ दरांचा तक्ता पाहणाऱ्या अभ्यासकास या काळात लिथुआनियाने मोठी आर्थिक झेप घेतली असावी असे वाटेल. वस्तुस्थिती उलट होती. १९९८ मधील रशियन अरिष्टानंतर १९९९ मध्ये लिथुआनियाचे राष्ट्रीय उत्पन्न घटले होते आणि २००० मध्ये तेथील बेरोजगारीचे प्रमाण सुमारे १६ टक्के होते. मग लितास वधारला तो कशामुळे? या प्रश्नाचे उत्तर तालिनमध्ये सापडत नाही आणि विल्नियसमध्येही सापडत नाही. प्रस्तुत लेखात या दराची जडणघडण, त्याचे परिणाम आणि ऐतिहासिक विनिमय दरांच्या वाचनासाठी त्यातून मिळणारा बोध यांचे विवेचन करण्यात आले आहे.

१. पूर्वपीठिका : सुवर्णाशी निगडित दोन चलने

बाल्टिक समुद्राच्या पूर्व किनाऱ्यावर उत्तरेकडून दक्षिणेकडे एस्टोनिया, लाटव्हिया व लिथुआनिया ही तीन राष्ट्रे वसली आहेत. पहिल्या महायुद्धानंतर रशियन साम्राज्यातून मुक्त होताच या तिन्ही राष्ट्रांनी स्वतःची चलने निर्माण केली. लिथुआनियाने १९२२ मध्ये लितास प्रचारात आणला. त्याचे मूल्य ०.१५०४६२ ग्रॅम शुद्ध सोने, म्हणजेच त्या वेळच्या अमेरिकी डॉलरचा दहावा भाग, असे निश्चित करण्यात आले. एस्टोनियाने आपल्या अवमूल्यित मार्कच्या जागी १९२८ पासून क्रून हे चलन आणले. शंभर जुन्या मार्कचा एक क्रून झाला आणि त्याचे सुवर्णमूल्य स्वीडिश क्रोनाच्या बरोबरीने, म्हणजे १००/२४८ ग्रॅम, ठेवण्यात आले.

या दोन सुवर्णमूल्यांचा भागाकार केला असता एक क्रून म्हणजे सुमारे २.६८ लितास असा दर मिळतो. येथे दोन बाबी लक्षात घेण्याजोग्या आहेत. पहिली बाब अशी की, हा दर कोणत्याही बाजारात घासाघीस होऊन ठरलेला नव्हता. दोन देशांनी स्वतंत्रपणे निवडलेल्या सुवर्णमूल्यांचा तो गणिती परिणाम होता. दुसरी बाब अशी की, त्या काळी क्रून हे मोठे चलन होते व लितास लहान. १९९० नंतर हे नाते नेमके उलटे झाले. एखाद्या चलनाचे एकक मोठे की लहान हे त्याच्या निर्मात्यांनी केलेल्या निवडीवर अवलंबून असते, देशाच्या संपन्नतेवर नव्हे.

१९३३ मध्ये जागतिक महामंदीच्या दडपणाखाली एस्टोनियाने सुवर्णमूल्याचा आधार सोडून क्रूनचे सुमारे ३५ टक्क्यांनी अवमूल्यन केले. लितासने मात्र आपले सुवर्णमूल्य कायम राखले. त्यामुळे दोन चलनांमधील नाते बदलले. हा बदल एस्टोनियाच्या शासनाने जाणीवपूर्वक घेतलेल्या निर्णयाचा परिणाम होता. पुढे १९९० च्या दशकात झालेल्या बदलांशी तुलना करताना ही गोष्ट स्मरणात ठेवणे आवश्यक आहे. १९४० मध्ये सोव्हिएत संघाने तिन्ही राष्ट्रे गिळंकृत केली, दोन्ही चलने लोप पावली आणि त्यांची जागा रूबलने घेतली.

२. रूबलपासून मुक्ती

१९९० व १९९१ मध्ये बाल्टिक राष्ट्रांचे स्वातंत्र्य पुनःस्थापित झाले तेव्हा राजकीय सत्ता त्यांच्या हाती आली, परंतु चलन मॉस्कोचेच राहिले. किमतींवरील नियंत्रणे उठताच रूबलची क्रयशक्ती वेगाने कोसळली. १९९२ मध्ये एस्टोनिया व लिथुआनिया या दोन्ही देशांत भाववाढीचे वार्षिक प्रमाण हजार टक्क्यांच्या घरात होते. अशा स्थितीत स्वतःचे चलन ही स्वातंत्र्याची केवळ प्रतीकात्मक खूण राहिली नव्हती. जनतेची मिळकत व बचत वाचविण्याचा तो एकमेव मार्ग होता.

एस्टोनियाने याबाबत पुढाकार घेतला. २० जून १९९२ रोजी क्रून पुन्हा चलनात आला. प्रत्येक रहिवाशास १५०० रूबलपर्यंतची रोकड दहा रूबलला एक क्रून या दराने बदलून मिळाली. त्याच वेळी ८ क्रून म्हणजे १ जर्मन मार्क हा दर कायद्याने निश्चित करण्यात आला. माजी सोव्हिएत प्रजासत्ताकांपैकी रूबल क्षेत्रातून सर्वप्रथम बाहेर पडून स्वतंत्र चलन स्थापन करणारे राष्ट्र एस्टोनिया हेच होय. या चलनाच्या पाठीशी असलेली गंगाजळी मुख्यतः महायुद्धापूर्वी परदेशांत ठेवलेल्या व आता परत मिळालेल्या सोन्यातून उभी राहिली. हे सोने सुमारे ११ टन होते.

लिथुआनियाचा मार्ग काहीसा लांबचा होता. तेथे प्रथम ‘तालोनास’ नावाचे संक्रमणकालीन चलन वापरात आले व १ ऑक्टोबर १९९२ पासून ते एकमेव अधिकृत चलन ठरले. २५ जून १९९३ रोजी शंभर तालोनासला एक लितास या प्रमाणात लितासचे पुनरागमन झाले. प्रारंभी लितासचा दर बाजारावर सोडलेला होता. परंतु मध्यवर्ती बँकेवर राजकीय दबाव येऊन चलनपुरवठा वाढेल ही भीती कायम होती. म्हणून १७ मार्च १९९४ रोजी लितासच्या विश्वासार्हतेविषयीचा कायदा संमत करण्यात आला आणि १ एप्रिल १९९४ पासून ४ लितास म्हणजे १ अमेरिकी डॉलर हा दर अमलात आला.

एस्टोनियाने मार्क निवडला आणि लिथुआनियाने डॉलर, यामागे त्या त्या देशाची परिस्थिती होती. एस्टोनियाचा व्यापार फिनलंड, स्वीडन व जर्मनी यांच्याकडे झपाट्याने वळत होता आणि मार्क हा पश्चिम युरोपातील सर्वांत स्थिर चलन म्हणून मान्यता पावला होता. लिथुआनियाचा पूर्वेकडील व्यापार अद्याप मोठा होता. तो व्यापार तसेच खनिज तेलाची आयात यांचे हिशेब डॉलरमध्ये होत आणि सामान्य जनताही आपली बचत डॉलरमध्येच जपून ठेवीत असे. या दोहोंच्या मध्ये वसलेल्या लाटव्हियाने १९९४ मध्ये आपला लात्स आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या विशेष उचल अधिकारांशी, म्हणजे अनेक चलनांच्या टोपलीशी, जोडला. अशा रीतीने तीन शेजारी राष्ट्रांनी तीन भिन्न आधार स्वीकारले. प्रत्येक निवड स्वतंत्रपणे पाहिल्यास तर्कसंगत होती. परंतु या निवडींचा एकत्रित परिणाम काय होईल, हा प्रश्न तेव्हा कोणाच्याच दृष्टीने निकडीचा नव्हता.

३. चलन मंडळाचे कार्य

क्रून व लितास यांची बांधणी सामान्य स्थिर दराहून अधिक कडक होती. दोन्ही देशांनी चलन मंडळाची व्यवस्था स्वीकारली होती. या व्यवस्थेचा प्रारंभ १८४९ मध्ये मॉरिशस येथे झाला व पुढे ब्रिटिश वसाहतींमध्ये ती रूढ झाली. १९८३ मध्ये हाँगकाँगने आणि १९९१ मध्ये अर्जेंटिनाने ती आधुनिक स्वरूपात अंगीकारली.

या व्यवस्थेचे मूलतत्त्व सोपे आहे. मध्यवर्ती बँकेने काढलेल्या प्रत्येक नोटेमागे ठरलेल्या दराने तितक्याच मूल्याचे परकीय चलन वा सोने गंगाजळीत असले पाहिजे. कोणी बँकेकडे मार्क घेऊन आला तर त्याला क्रून द्यायचे आणि कोणी क्रून घेऊन आला तर त्याला मार्क द्यायचे, एवढेच बँकेचे काम. परकीय चलन देशात आले तर स्थानिक चलनाचा पुरवठा आपोआप वाढतो व ते बाहेर गेले तर आपोआप आटतो. शासनाची तूट भरून काढण्यासाठी नोटा छापता येत नाहीत. एस्टोनियाच्या कायद्याने तर मध्यवर्ती बँकेला क्रूनचे अवमूल्यन करण्याचा अधिकारच नाकारला होता.

या शिस्तीचा लाभ निर्विवाद आहे. दोन्ही देशांतील भाववाढ काही वर्षांत आटोक्यात आली. परंतु या शिस्तीचे मूल्यही मोजावे लागते. ज्या चलनाशी बांधणी केली त्या चलनाच्या चढउतारांवर लहान राष्ट्राचे कोणतेही नियंत्रण नसते. आधार चलन वधारले की आपले चलन वधारते, ते घसरले की आपलेही घसरते, मग देशांतर्गत परिस्थिती कशीही असो.

४. व्युत्पन्न दर : मार्क व डॉलर यांची सावली

आता क्रून व लितास यांच्यातील दराकडे वळता येईल. एका डॉलरचे ४ लितास आणि एका मार्कचे ८ क्रून या दोन गोष्टी कायद्याने निश्चित होत्या. एक लितास म्हणजे पाव डॉलर. त्या पाव डॉलरचे जितके मार्क होतील त्यांच्या आठपट क्रून. म्हणजेच

१ लितासचे क्रूनमधील मूल्य = ८ × (१ डॉलरचे मार्कमधील मूल्य) ÷ ४ = २ × (१ डॉलरचे मार्कमधील मूल्य).

हे सूत्र या संपूर्ण विषयाचे सार आहे. त्यात एस्टोनियाची निर्यात नाही, लिथुआनियाची भाववाढ नाही, दोन देशांमधील व्यापारतोल नाही. तेथे केवळ डॉलर व मार्क यांचे परस्पर मूल्य आहे. १९९९ पासून मार्कची जागा युरोने घेतली, तरी १ युरो म्हणजे १.९५५८३ मार्क हा दर अपरिवर्तनीय असल्याने सूत्रात फरक पडला नाही. क्रून केवळ १ युरोस १५.६४६६ या दराने मोजला जाऊ लागला. सूत्रावरून मिळणारे वार्षिक सरासरी दर पुढीलप्रमाणे आहेत.

तक्ता क्र. १ : डॉलर–मार्क दर व त्यावरून मिळणारा लितास–क्रून दर (वार्षिक सरासरी)

१९९५ : १ डॉलर = १.४३३ मार्क; १ लितास = २.८७ क्रून
१९९६ : १ डॉलर = १.५०५ मार्क; १ लितास = ३.०१ क्रून
१९९७ : १ डॉलर = १.७३४ मार्क; १ लितास = ३.४७ क्रून
१९९८ : १ डॉलर = १.७६० मार्क; १ लितास = ३.५२ क्रून
१९९९ : १ डॉलर = १.८३५ मार्क; १ लितास = ३.६७ क्रून
२००० : १ डॉलर = २.११८ मार्क; १ लितास = ४.२४ क्रून
२००१ : १ डॉलर = २.१८४ मार्क; १ लितास = ४.३७ क्रून

(१९९९ पासूनचे मार्कमधील दर युरोच्या दरावरून परिगणित केले आहेत.)

१९९५ च्या वसंत ऋतूत डॉलर मार्कच्या तुलनेत युद्धोत्तर नीचांकाला पोहोचला, त्यासोबत लितासही क्रूनच्या तुलनेत खाली आला. त्यानंतर अमेरिकी अर्थव्यवस्थेतील तेजी व नव्या युरोविषयीची साशंकता यांमुळे डॉलर सातत्याने वधारत गेला. ४ जानेवारी १९९९ रोजी १.१७८९ डॉलर असलेला युरो २६ ऑक्टोबर २००० रोजी ०.८२५२ डॉलरपर्यंत घसरला. लेखाच्या प्रारंभी नमूद केलेल्या ४३ टक्के वाढीचे स्पष्टीकरण एवढेच आहे. १९३३ मधील बदल एस्टोनियाच्या शासनाच्या निर्णयामुळे झाला होता. १९९९–२००० मधील बदल मात्र या दोन राष्ट्रांपैकी कोणीही केलेला नव्हता.

५. परिणाम

दर कोणी ठरविला नसला तरी त्याचे परिणाम भोगावे लागले. योगायोग असा की, तीन बाल्टिक राष्ट्रांमधील मुक्त व्यापाराचा करारही १ एप्रिल १९९४ रोजीच अमलात आला, म्हणजे ज्या दिवशी लितास डॉलरशी बांधला गेला त्याच दिवशी. जकातीची भिंत त्या दिवशी पाडण्यात आली आणि चढउतार करणारी विनिमय दराची पायरी त्याच दिवशी उभी राहिली. करार करणाऱ्या राष्ट्रांनी आयातकर हटविले, पण दोन देशांतील मालाच्या सापेक्ष किमती एका वर्षात दहा-पंधरा टक्क्यांनी बदलू शकतील अशी व्यवस्था त्यांच्या चलनरचनेतच अंतर्भूत होती.

या परिणामांचे दोन टप्पे दिसतात. पहिल्या टप्प्यात, १९९४ व १९९५ मध्ये, डॉलर दुर्बळ असल्याने लितास स्वस्त होता व पश्चिम युरोपातून येणारा माल लिथुआनियात महाग होत होता. १९९५ मध्ये लिथुआनियातील भाववाढ सुमारे ४० टक्के तर एस्टोनियातील सुमारे २९ टक्के होती. या फरकास अन्य कारणेही होती. तथापि दुर्बळ आधार चलनाने भाववाढ रोखण्यास साहाय्य केले नाही, हे निश्चित. दुसऱ्या टप्प्यात, १९९९ ते २००१ या काळात, स्थिती उलटली. डॉलर बलवान असल्याने आयात स्वस्त झाली व लिथुआनियातील भाववाढ वर्षाला सुमारे एक टक्क्यावर आली. त्याच काळात एस्टोनियात ती सुमारे तीन ते सहा टक्के होती.

नाममात्र विनिमय दर व वास्तव विनिमय दर यांतील भेद येथे उपयोगी पडतो. नाममात्र दर एका चलनाच्या बदल्यात दुसरे चलन किती मिळते ते सांगतो. वास्तव दरात दोन देशांतील किमतींच्या पातळ्याही विचारात घेतल्या जातात. १९९९ ते २००१ मध्ये लिथुआनियातील किमती एस्टोनियाच्या तुलनेत मंद गतीने वाढल्याने लितासच्या नाममात्र वाढीचा काही भाग निष्प्रभ झाला. परंतु ४३ टक्क्यांच्या वाढीपुढे किमतींमधील काही टक्क्यांचा फरक अपुरा होता. लिथुआनियाचा निर्यातदार खऱ्या अर्थाने महाग झाला होता.

हे ओझे अशा वेळी पडले की ते पेलणे विशेष कठीण होते. ऑगस्ट १९९८ मध्ये रूबल कोसळल्यानंतर पूर्वेकडील बाजारपेठ आकुंचित झाली आणि लिथुआनियाच्या निर्यातीपैकी सुमारे निम्मा भाग युरोपीय संघाकडे जाऊ लागला. ज्या पूर्वेकडील व्यापारासाठी डॉलरची निवड झाली होती तो व्यापार ओसरला होता. ज्या पश्चिमेकडे माल विकायचा होता तेथील चलनाच्या तुलनेत लितास महिन्यागणिक महाग होत होता. १९९४ मध्ये सयुक्तिक असलेली निवड पाच वर्षांत कालबाह्य ठरली होती. विनिमय दर मात्र कायद्याने अचल होता.

६. फेब्रुवारी २००२ : आधार बदल

आधार चलन बदलणे हा यावर उपाय होता. प्रारंभी डॉलर व युरो यांच्या संमिश्र टोपलीचा विचार झाला. परंतु युरोपीय संघातील प्रवेश दृष्टिपथात आल्यावर थेट युरोशी बांधणी करण्याचे ठरले. मध्यवर्ती बँकेने हा निर्णय बऱ्याच आधी जाहीर केला व बदलाच्या दिवशी बाजारात असलेल्या दरानेच लितास युरोशी जोडला जाईल असे आश्वासन दिले. १ फेब्रुवारी २००२ रोजी युरोचा संदर्भ दर ०.८६३२ डॉलर होता. त्यास चारने गुणून ३.४५२८ लितास म्हणजे १ युरो हा दर २ फेब्रुवारीपासून अमलात आला. अवमूल्यन झाले नाही, अधिमूल्यनही झाले नाही. त्या दिवशी जे नाते होते तेच कायम करण्यात आले.

या बदलाने क्रून व लितास यांच्यातील दरही कायमचा स्थिर झाला. १५.६४६६ भागिले ३.४५२८ म्हणजे ४.५३१६. २ फेब्रुवारी २००२ पासून ३१ डिसेंबर २०१० रोजी क्रून इतिहासजमा होईपर्यंत १ लितास म्हणजे ४.५३१६ क्रून हे समीकरण अबाधित राहिले. तालिन व विल्नियस यांच्यात असा कोणताही करार झालेला नव्हता. दोघांनी एकाच तिसऱ्याशी नाते जोडल्यामुळे त्यांचे परस्परांशी नाते आपोआप ठरले.

हा बदल नेमक्या कोणत्या क्षणी झाला, यालाही महत्त्व आहे. २००२ नंतर डॉलर दीर्घकाळ घसरत गेला. १५ जुलै २००८ रोजी एक युरो १.५९९० डॉलरपर्यंत चढला. लितास तोपर्यंत डॉलरशीच बांधलेला असता तर एका युरोला सुमारे ६.४० लितास पडले असते आणि एका लितासचे मूल्य सुमारे २.४५ क्रून एवढेच राहिले असते. आयात महागून भाववाढ उफाळली असती, पण निर्यातदारांना मोठी सवलत मिळाली असती. हा निव्वळ गणिती तर्क आहे; तरीही आधार चलनाची निवड लहान राष्ट्राच्या भवितव्यावर किती खोलवर परिणाम करते, याची कल्पना त्यावरून येते.

७. स्थिर दराची किंमत

दर स्थिर झाला म्हणजे अडचणी संपल्या असे नव्हे. १ मे २००४ रोजी दोन्ही राष्ट्रे युरोपीय संघात सामील झाली व २८ जून २००४ रोजी युरोपूर्व विनिमय दर यंत्रणेत दाखल झाली. २००६ मध्ये लिथुआनियाचा युरो स्वीकारण्याचा प्रस्ताव भाववाढीचा निकष अगदी थोडक्या फरकाने न पाळल्यामुळे अमान्य झाला, मर्यादा २.६ टक्के होती व लिथुआनियाची भाववाढ २.७ टक्के. त्यानंतरच्या वर्षांत दोन्ही देशांत परकीय बँकांमार्फत कर्जाचा ओघ वाढला. गृहकर्जे प्रामुख्याने युरोमध्ये दिली जात होती.

२००९ मध्ये जागतिक वित्तीय अरिष्टाच्या तडाख्याने दोन्ही देशांचे राष्ट्रीय उत्पन्न सुमारे १४ ते १५ टक्क्यांनी घटले. अशा प्रसंगी अनेक देश चलनाचे अवमूल्यन करतात. चलन मंडळाच्या व्यवस्थेत तो मार्ग बंद होता. शिवाय अवमूल्यन झाले असते तर युरोमध्ये कर्ज घेतलेली कुटुंबे बुडाली असती. म्हणून समायोजनाचा सर्व भार वेतन, रोजगार व सार्वजनिक खर्च यांवर आला. शासकीय वेतनात कपात झाली. लिथुआनियात निवृत्तिवेतनही कमी करण्यात आले. २०१० मध्ये बेरोजगारीचे प्रमाण एस्टोनियात सुमारे १७ टक्के व लिथुआनियात सुमारे १८ टक्के झाले आणि काम करण्याच्या वयातील अनेकांनी देश सोडला.

विनिमय दराच्या तक्त्यात या आपत्तीची एकही खूण दिसत नाही. २००८, २००९, २०१० या तिन्ही वर्षांसमोर तीच संख्या आहे : ४.५३१६. १९९९–२००० मध्ये दरात मोठी हालचाल होती, पण ती या दोन देशांमुळे नव्हती. २००९ मध्ये दोन्ही देशांत उलथापालथ होती, पण दर निश्चल होता.

एस्टोनियाने १ जानेवारी २०११ रोजी व लिथुआनियाने १ जानेवारी २०१५ रोजी युरो स्वीकारला. दोन्ही चलनांचे अंतिम रूपांतर ज्या दरांनी झाले ते दर पूर्वीचेच, १५.६४६६ व ३.४५२८, होते. शासनांनी दिलेले वचन पाळले गेले. त्याची किंमत कोणी व किती मोजली, हे जाणून घेण्यासाठी विनिमय दराऐवजी वेतन, बेरोजगारी व स्थलांतर यांच्या नोंदी पाहाव्या लागतात.

८. ऐतिहासिक दरांचे वाचन

वरील विवेचनावरून ऐतिहासिक विनिमय दरांचा उपयोग करणाऱ्या अर्थशास्त्र, इतिहास व वाणिज्य या विषयांच्या अध्यापकांसाठी काही सूचना करता येतील. पहिली सूचना अशी की, दोन लहान चलनांमधील दर दिसताच तो प्रत्यक्ष बाजारात ठरलेला आहे की तिसऱ्या चलनामार्फत काढलेला आहे, हे प्रथम तपासावे. दुसरी, प्रत्येक चलनाचा आधार कोणता व तो कोणत्या तारखेस बदलला, याची नोंद तक्त्यासोबत ठेवावी. २ फेब्रुवारी २००२ ही तारीख ठाऊक नसेल तर लितासची दरमालिका समजणे अशक्य आहे. तिसरी, नाममात्र दरावरून थेट निष्कर्ष काढू नयेत. किमतींच्या पातळ्यांशी त्याची सांगड घालावी.

भारतीय विद्यार्थ्यांना हा विषय परका वाटण्याचे कारण नाही. सप्टेंबर १९७५ पर्यंत भारतीय रुपया ब्रिटिश पौंडाशी जोडलेला होता. जून १९७२ मध्ये पौंडाचा दर बाजारावर सोडला गेला व तो घसरू लागला, तेव्हा रुपयाही अन्य चलनांच्या तुलनेत त्याच्यामागोमाग घसरला. याहून जवळचे उदाहरण शेजारच्या दोन राष्ट्रांचे आहे. फेब्रुवारी १९९३ पासून १ भारतीय रुपया म्हणजे १.६० नेपाळी रुपये असा दर आहे आणि भूतानचा न्गुल्ट्रम भारतीय रुपयाशी समतुल्य आहे. साहजिकच एक न्गुल्ट्रम म्हणजे १.६० नेपाळी रुपये. हा दर काठमांडू व थिम्फू यांनी परस्परांत ठरविलेला नाही. क्रून व लितास यांच्यातील २००२ नंतरच्या दराची रचना हुबेहूब अशीच होती. वर्गात चलन मंडळ व व्युत्पन्न दर शिकविताना ही दोन उदाहरणे शेजारी-शेजारी ठेवल्यास संकल्पना अधिक स्पष्ट होईल.

समारोप

क्रून व लितास ही दोन्ही चलने राष्ट्रीय स्वातंत्र्याची प्रतीके म्हणून जन्मास आली. २००० च्या सुमारास सुमारे चौदा लाख लोकसंख्येचे एस्टोनिया व पस्तीस लाख लोकसंख्येचे लिथुआनिया यांनी आपापली चलने जपली, त्यांवरील विश्वास टिकविला आणि भाववाढीच्या विळख्यातून जनतेची सुटका केली. हे यश लहान नाही. परंतु या यशासाठी त्यांनी चलनाचे मूल्य ठरविण्याचा अधिकार स्वेच्छेने दुसऱ्याकडे सोपविला होता. त्यामुळे त्यांच्या परस्परांमधील विनिमय दर प्रथम डॉलर व मार्क यांच्या स्पर्धेची सावली बनला आणि नंतर युरोशी असलेल्या दोन स्वतंत्र बंधनांचा भागाकार. या दराच्या मालिकेत दोन राष्ट्रांचे आर्थिक चरित्र शोधणाऱ्यास ते सापडणार नाही. त्या राष्ट्रांनी कोणाशी व कोणत्या अटींवर स्वतःला बांधून घेतले, एवढेच तेथे वाचता येते.